दीड रुपया रोज, जेवणासकट

एक गंमत बघा. मराठीत एकट्या राहणाऱ्या माणसासाठी धड शब्दच नाही. 'एकलकोंडा' म्हटलं की शिवी वाटते. 'सडाफटिंग' म्हटलं की हा माणूस लग्न न करता गावभर हिंडतोय असं वाटतं. 'एकाकी' म्हटलं की कोणीतरी लगेच डबा घेऊन येईल. राहता राहिला 'एकांत'. तो आपल्याकडे फक्त दोन जणांना मिळतो, साधुसंतांना आणि नव्या जोडप्याला :-) एखादा धडधाकट, नोकरी करणारा पोरगा स्वतःच्या मर्जीने, स्वतःच्या पैशाने एकटा राहतोय, याला काय म्हणायचं ते आपण ठरवलेलंच नाही.

हे सुचायचं कारण म्हणजे गेले दोन महिने मी याच प्रश्नात अडकलोय. वाकडला आम्ही तिघं टू बीएचकेत राहतो. भाडं २७,०००, म्हणजे माणशी ९,०००. मेंटेनन्स, वायफाय, स्वयंपाकाच्या मावशी सगळं धरून मला १२,५०० च्या आसपास पडतं. तिथूनच चार गल्ल्या पुढे एक वन बीएचके मिळतोय. भाडं २२,०००, आणि बाकीचं सगळं एकट्याच्या डोक्यावर, म्हणजे २८,०००. फरक महिन्याला १५,५००, वर्षाला १,८६,०००. कशासाठी? तर रात्री अकरानंतर हॉलमधून क्रिकेटच्या हायलाइट्स ऐकू येऊ नयेत म्हणून. क्लायंट अमेरिकेतला, कॉल रात्रीचे, आणि उरलेल्या वेळात मला थोडं वाचायचं असतं, लिहायचं असतं.

नशिराबादला फोन केला तर आई म्हणे, "एकटं राहून काय करशीन तू? भिंतीशी बोलशीन?" तिचंही बरोबर आहे. आमच्या जुन्या घरात कोणाचीच अशी वेगळी खोली नव्हती. उन्हाळ्यात तर अख्खं घर धाब्यावर झोपायचं, शेजारच्या धाब्यावर शेजारी, आणि रात्री कोण कुणाशी काय बोललं ते सकाळी गल्लीला ठाऊक. बाबांचं म्हणणं थोडं वेगळं. ते म्हणाले, हे नवीन फॅड आहे, आमच्या वेळी कोणाला असली खोली लागली नाही.

आता हे वाक्य मला टोचलं. खरंच नवीन फॅड आहे का? की लोकांना लागत होती, पण मिळत नव्हती? शनिवार-रविवार त्यातच गेला.

पहिल्यांदा मुंबई बघावी लागते, कारण भाड्याने राहणं आपण तिथेच शिकलो. गिरणीत काम करायला जो गडी कोकणातून, घाटावरून आला तो बहुतेक वेळा एकटाच आला, बायकापोरं गावी ठेवून. पण तो एकटा राहिला नाही. एका गावच्या पाच-दहा जणांनी मिळून एक खोली घ्यायची. पाळ्या वेगवेगळ्या, म्हणून झोपायच्या वेळाही वेगवेगळ्या. जेवण खाणावळीत. गोवेकरांनी तर याची पद्धतच बसवली. धोबी तलाव, गिरगाव भागात प्रत्येक गावाचं एक 'कूड' असायचं, मोठा हॉल, भिंतीला लागून प्रत्येकाची ट्रंक. बोटीवर नोकरी असेल तेव्हा ट्रंक तिथेच आणि माणूस समुद्रात. (या खाणावळी चालवणाऱ्या बायकांची १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी 'अन्नपूर्णा महिला मंडळ' म्हणून संघटना उभी केली. त्यावर वेगळा लेख लिहायला हवा.) १९२१ च्या जनगणनेच्या वेळी मुंबईतले साधारण दोन-तृतीयांश लोक एका खोलीच्या बिऱ्हाडात राहत होते. एका खोलीत एक माणूस नव्हे हां, एका खोलीत एक अख्खं कुटुंब, आणि वर पोटभाडेकरू.

याच सुमाराला सरकारने बीडीडी चाळी बांधल्या. वरळी, नायगाव, डिलाइल रोड, शिवडी, सगळ्या मिळून २०७ इमारती. खोली १६० चौरस फुटांची. आणि आता माझ्या विषयाशी येतं ते असं, की यातल्या बऱ्याच खोल्या सुरुवातीची काही वर्षं रिकाम्या होत्या! कामगारांच्या मानाने भाडं जास्त आणि वरळी तेव्हा गिरण्यांपासून आडवळणाला. लोक खोलीत दाटीवाटीने राहायला तयार होते, पण जास्त भाडं देऊन सुटसुटीत राहायला तयार नव्हते. १९३० च्या सत्याग्रहात सरकारने वरळीच्या चाळींचा चक्क तुरुंग केला. पुढे त्याच खोल्यांमध्ये तीन-तीन पिढ्या गेल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या.

म्हणजे बाबा जिंकले? इथपर्यंत तरी हो. पण ही सगळी नाइलाजाची गोष्ट आहे. मला असा माणूस हवा होता, ज्याला बंद दाराची खोली खरोखर लागत होती, कामासाठी लागत होती, आणि त्यासाठी त्याने काय मोजलं याचा हिशोब लिहिलेला आहे. तो सापडायला फार शोधावं लागलं नाही. तसा तो प्रत्येक चौकात उभा आहे, हातात पुस्तक घेऊन.

डॉ. आंबेडकरांचं चरित्र आपण शाळेत वाचतो ते घटना समितीच्या दिशेने धावत वाचतो. एकदा नुसतं 'हा माणूस कुठे कुठे राहिला' एवढंच बघत वाचा. वेगळंच पुस्तक वाचल्यासारखं वाटतं.

लोअर परळच्या डबक चाळीत एक खोली. त्यातच स्वयंपाक, धूर, पाहुणे आणि अभ्यास. वडील रामजी यांनी त्यावर काढलेला उपाय असा होता : मुलाने लवकर झोपायचं, वडिलांनी रात्री दोनपर्यंत जागायचं, मग मुलाला उठवायचं आणि स्वतः आडवं व्हायचं. आपण आज ज्याला शिफ्ट म्हणतो ती. जागा वाढवता येत नाही, तर वेळ वाटून घ्या. १९०७ साली मुलगा मॅट्रिक झाला तो अशा पहाटेच्या एकांतावर.

१९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्क. तिथे हार्टली हॉल, मग जेवणाचं जमेना म्हणून कॉस्मोपॉलिटन क्लब, आणि नंतर लिव्हिंग्स्टन हॉल. या लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये रूममेट होता नवल भथेना नावाचा पारशी तरुण. नाव लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून परत यावं लागलं. करारानुसार बडोदा संस्थानात नोकरी. आता विचार करा. कोलंबियात शिकून आलेला, वय सव्वीस, सरकारी नोकरी हातात. आज असा माणूस पुण्यात उतरला तर ब्रोकर विमानतळावर घ्यायला येतील. आंबेडकर बडोद्याला उतरले तेव्हा त्यांच्यापुढे प्रश्न एकच होता, जायचं कुठे? हिंदू खाणावळी घेणार नाहीत हे ठाऊक होतं. मित्र होते, पण त्यांच्या दारात जाऊन नकार ऐकायचा का, असा विचार करत ते स्टेशनवर थांबले. शेवटी एका पारशी सराईचं नाव कळलं. तिथे फक्त पारशांना प्रवेश. पण सराई ओस पडलेली होती, आणि सांभाळणाऱ्यालाही चार पैसे हवे होते. तोड निघाली : रजिस्टरात पारशी नाव लिहायचं, आणि राहणं-जेवण मिळून रोजचा दीड रुपया.

ही हकीकत त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या इंग्रजी टिपणांत लिहिलीय. ती मी आधीही वाचली होती, तेव्हा अस्पृश्यतेची गोष्ट म्हणून. या वेळी भाडेकरूची गोष्ट म्हणून वाचली. वरच्या मजल्यावर एक छोटी निजायची खोली, शेजारी न्हाणीघर. बाकी सगळा मोठा हॉल, त्यात फळ्या, बाकं, मोडक्या खुर्च्या भरलेल्या. दिवे नाहीत. एक लहानसा कंदील, त्याचा उजेड काही इंचांपलीकडे जात नव्हता. सांभाळणारा सकाळी चहा आणि ठरलेल्या वेळी जेवण आणून द्यायचा आणि निघून जायचा. दुसरा माणूस नाही. म्हणजे बघा, अख्खी इमारत एकट्याला! शांतता हवी तेवढी. त्या शांततेने त्यांना पार खचवलं. कोणाशी तरी बोलावं म्हणून जीव तगमगत होता असं ते लिहितात.

मी लॅपटॉप बंद करून थोडा वेळ बसलो. कारण माझ्या एक्सेल शीटमध्ये शांततेचा कॉलम होता, आणि तो सगळा हिरवा होता.

अकराव्या दिवशी सकाळी ऑफिसला निघताना जिन्यावर पावलं वाजली. डझनभर पारशी, प्रत्येकाच्या हातात काठी. कोण तू, पारशी नाव का लावलंस, सराई बाटवलीस. संध्याकाळपर्यंत चालता हो. त्या दिवशी त्यांनी दोन मित्रांना विचारलं. एक हिंदू. तो म्हणाला, तू आलास तर माझे नोकर निघून जातील. दुसरा ख्रिश्चन. तो म्हणाला, बायको उद्या येतेय, तिला विचारून सांगतो. (घराणं मूळचं ब्राह्मण, धर्म बदलला तरी बायकोचे विचार जुनेच होते, हे आंबेडकरांना माहीत होतं.) दोघांपैकी कोणी 'नाही' म्हणालं नाही, हे विशेष. सभ्य माणसं नाही म्हणतच नाहीत. मग मुंबईची गाडी रात्री नऊला, तोवरचा वेळ त्यांनी कामाठी बागेत बसून काढला.

दीड रुपयाला काही ते महाग म्हणाले नव्हते. पैसे द्यायची तयारी होती, घेणाराही खूष होता. अडलं ते पैशावर नाही.

अशीच अडचण त्यांना आमच्या खानदेशातही आली. १९२९ साली सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य म्हणून त्यांनी खानदेशात चौकशी केली. काम आटोपल्यावर धुळे लाइनवरच्या एका गावी जाऊन ते चाळीसगावला परतले. लोकांनी आग्रहाने मुक्कामाला ठेवून घेतलं होतं. महारवाडा स्टेशनपासून दोन मैल. टांगेवाले टांगा भाड्याने द्यायला तयार, पण हाकायला तयार नाहीत. शेवटी वस्तीतल्याच एकाने हाकला, ज्याने कधी टांगा हाकला नव्हता. नदीवरच्या फरशीपुलावर चाक अडकलं, आंबेडकर दगडी फरशीवर फेकले गेले आणि पाय मोडला. टांगा घोड्यासकट खाली नदीत. ऑक्टोबर १९२९. योगायोग असा की त्याच महिन्यात लंडनला व्हर्जिनिया वुल्फ यांचं 'अ रूम ऑफ वन्स ओन' प्रसिद्ध झालं, लिहिणाऱ्या बाईला वर्षाला पाचशे पौंड आणि कुलूप लागेल अशी स्वतःची खोली हवी, असं सांगणारं. मला ते पुस्तक आवडतं. पण पाचशे पौंड असूनही दार उघडलं नाही तर काय, हा प्रश्न त्यात येत नाही. त्यासाठी चाळीसगावला उतरावं लागतं.

आता नवल भथेनाकडे परत. १९२० मध्ये आंबेडकर राहिलेला अभ्यास पुरा करायला पुन्हा लंडनला निघाले. स्वतःची शिल्लक, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत, आणि पाच हजार रुपयांचं कर्ज भथेनाचं. काठ्या घेऊन आले ते पारशी, आणि पाच हजार देणाराही पारशीच. जात-धर्म पाहून माणूस ओळखता येत असता तर किती सोपं झालं असतं! फरक एवढाच दिसतो, की भथेना त्यांच्याबरोबर एका खोलीत राहिला होता. उशिरापर्यंत दिवा लावून वाचणारा हा माणूस त्याने झोपेतून उठून वैतागून पाहिला असणार (हा माझा अंदाज).

लंडनलाही एकट्याची खोली परवडली नाहीच. उपाशीपोटी अभ्यास, रात्री भाजलेले पापड, आणि खोलीत सोबती. त्या सोबत्याला मध्यरात्री जाग यायची तेव्हा हे वाचतच असायचे. पुढे १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. ते १९२१-२२ मध्ये जिथे राहिले ते किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर महाराष्ट्र सरकारने २०१५ साली विकत घेतलं. भाडेकरूच्या घराला एवढा भाव क्वचितच येत असेल.

आणि इकडे परळला? पोयबावडीच्या बीआयटी चाळीत रमाबाई सगळा संसार ओढत होत्या. लंडनमधला तो कोपरा, ती म्युझियममधली खुर्ची, त्याचं भाडं फक्त पौंडांत भरलं गेलं नाही. ते परळलाही भरलं जात होतं. आमच्याकडे घरातल्या एकाला एकांत मिळाला की त्याचं बिल दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर फाटतं, आणि ती बहुतेक वेळा बाई असते. आपल्या चरित्रग्रंथांत त्या बिलाला एखादं पान मिळतं.

याच चाळीत नंतर त्यांच्याकडे दुसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन खोल्या होत्या. एकीत घर, दुसरीत पुस्तकं. मला ही मांडणी फार आवडली. एकटं राहणं नाही, पण दार मात्र वेगळं. १९३० नंतरच्या काही वर्षांत दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधलं, तेव्हाही मुख्य विचार ग्रंथांचा होता. ज्याला कोणी खोली देत नव्हतं त्याने पुस्तकांसाठी घर बांधलं.

इथे थोडा कायदा, कारण माझ्या मित्रांना तेवढाच भाग आवडतो. अॅग्रीमेंट ११ महिन्यांचंच का असतं? १९०८ च्या नोंदणी कायद्यात एका वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं होतं, म्हणून पळवाट ११ महिन्यांची. मग १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठवली, आणि १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ ला ताब्यात असलेल्या लायसन्सधारकांनाही भाडेकरू ठरवलं. मालकांनी असा धसका घेतला की फ्लॅट कुलूप लावून ठेवले, पण भाड्याने दिले नाहीत. १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात मुदत संपली की जागा सोडायची हे स्पष्ट झालं, आणि ११ महिने असो की ११ दिवस, लीव्ह-लायसन्सची नोंदणी सक्तीची झाली. म्हणजे पळवाटेचा उपयोग संपला, आकडा मात्र राहिला. जुन्या कोडमधल्या एखाद्या ओळीसारखा, काढायला कोणी धजत नाही.

पण या सगळ्या कायद्यांत एक गोष्ट कुठेच नाही. मालकाने भाडेकरूचं आडनाव विचारून दार लावलं तर त्याला अडवणारं काही नाही. राज्यघटनेच्या १५व्या कलमात दुकानं, हॉटेलं, विहिरी आहेत. खाजगी फ्लॅट नाही. आणि २००५ साली सुप्रीम कोर्टाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या प्रकरणात, सभासदत्व आपल्याच समाजापुरतं ठेवायचा सोसायटीचा नियम चालेल असा निकाल दिला.

हे मी शोधत बसलो कारण आमच्या फ्लॅटमधला दुसरा पोरगा नशिराबादचाच आहे. मोमीन घरातला. शाळेत एका बाकावर होतो, भादलीहून एकाच पॅसेंजरने जळगावला कॉलेजला जायचो. पुण्यात आल्यावर त्याने एकट्याने सात फ्लॅट पाहिले. सात ठिकाणी 'कळवतो' असं उत्तर आलं. नाही कोणीच म्हणालं नाही. आठव्या वेळी मी बरोबर गेलो, बोललो मी, आणि अॅग्रीमेंट झालं माझ्या नावावर. मालकांना तो राहतो हे माहीत आहे, भले आहेत बिचारे, फक्त 'सोसायटीत फार सांगत बसू नका' म्हणाले.

तर माझ्या शीटमध्ये १५,५०० चा जो फरक होता, त्यात हा कॉलमच नव्हता. मी बाहेर पडलो की अॅग्रीमेंट संपतं. तिसऱ्याला कुठेही जागा मिळेल. याला पुन्हा पहिल्यापासून.

त्याला मी हे सगळं सांगितलं, बडोद्याच्या सराईसकट. तो म्हणाला, "तू जाय ना भो. माझं मी पाहीन." आणि मग थोड्या वेळाने, "तसं पण तू घोरतो." :-)

शेवटी ठरलं ते असं. वन बीएचकेवाल्याला नाही कळवलं. (मी मात्र स्पष्ट 'नाही' म्हटलं.) आमच्या फ्लॅटमधली लहान बेडरूम आता माझी एकट्याची, त्यासाठी मी १२,००० देणार. ते दोघं मोठ्या बेडरूममध्ये, माणशी ७,५००. बेरीज तीच २७,०००. तिसऱ्याची अट एकच, मॅच असेल त्या दिवशी आवाजाबद्दल बोलायचं नाही. मान्य.

अॅग्रीमेंट मार्चमध्ये संपतंय. पुढचं मित्राच्या स्वतःच्या नावावर व्हावं म्हणून आत्तापासूनच फिरायला लागलोय. या रविवारी थेरगावला दोन ठिकाणी जायचंय. ब्रोकरला या वेळी त्याचं पूर्ण नाव फोनवरच सांगून टाकलं, आधीच. दोनपैकी एका मालकाने 'या' म्हणून सांगितलंय. दुसरा कळवणार आहे.